न पडलेल्या पावसाच्या चौकशीबाबत

अर्जदार : कानिफनाथ सूर्यभान गर्जे, बी. एस्सी.
मूळ राहणार मौजे खडकबोरी; हल्ली मुक्काम ऊसतोडीच्या टोळीचा तळ, कालव्याकाठी, ता. कोपरगाव, जि. अहमदनगर
दि. १८ डिसेंबर १९७२

प्रति,
मा. तहसीलदारसाहेब,
तहसील कचेरी

विषय : खडकबोरी येथील सरकारी पर्जन्यमापकात दि. २१ ऑक्टोबर रोजी आढळलेले १२.० मिलिमीटर पाणी पावसाचे नसल्याबद्दल, व त्यापायी गावी एकटीच राहिलेल्या सौ. झुंबरबाई सूर्यभान गर्जे हिला मोकळे करण्याबद्दल.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ ऑक्टोबरचा अर्ज. २) आपल्या कचेरीचे दि. २७ ऑक्टोबरचे पत्र. ३) अर्जदाराचे दि. ९ व २५ नोव्हेंबरचे अर्ज (पोच मिळालेली नाही).

साहेबांच्या सेवेशी सविनय सादर,

१. अर्जदार यंदा जूनमध्ये पदार्थविज्ञान हा विषय घेऊन पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला असून अद्याप नोकरी नाही. घरात वडील सूर्यभान, आई झुंबरबाई, थोरला भाऊ मच्छिंद्र आणि वहिनी राहीबाई. दसरा झाला की कुटुंब ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परत येई. यंदा मात्र पेरलेले उगवले नाही आणि विहिरीत दोर सोडला तर तो कोरडाच वर येऊ लागला. तेव्हा वडिलांनी ठरवले की या खेपेला परत यायचे नाही. ऊस संपला की कालव्याच्या कामावर, ते संपले की जिथे काम निघेल तिथे, असे बारा महिने गाडीवरच राहायचे. निघण्याचा दिवस ३० ऑक्टोबर ठरला आणि महिनाभर आधीपासून घर आवरायला काढले.

२. गाडी एक, बैल दोन. त्यात माणसे, बैलांची वैरण आणि संसार एवढे मावायला हवे. वडिलांनी नियम घातला की जी वस्तू तळावरही लागते आणि गावातही लागते, तीच गाडीत चढेल. अर्जदाराने घरातल्या वस्तूंची मोजदाद केली तेव्हा त्या चौऱ्याहत्तर भरल्या. शेवटी राहिल्या एकवीस. सात वाकळा होत्या, त्या उसवून जाड अशा तीन शिवल्या. जाते शेजारच्या छबूबाईकडे गेले, पाळणा मामाकडे, आरसा न्हाव्याकडे. पाटा-वरवंट्यावरून वहिनीने दोन दिवस अबोला धरला. अखेर वरवंटा घ्यायचा आणि पाटा ठेवायचा असे ठरले, कारण सपाट दगड कुठेही मिळतो. अर्जदाराच्या पदवीच्या कागदाचा प्रश्न निघाला तेव्हा वडील म्हणाले, "घे गुंडाळून. सगळ्यात हलकी तीच हाय." सगळे हसले. अर्जदारही हसला.

आई या सगळ्यात बोलत नव्हती. दिलेली प्रत्येक वस्तू ती राखेने घासून, धुऊन, स्वतः त्या त्या घरी पोचवत असे. आमच्याकडे कोणाच्याही दारात भांडे रिकामे नेत नाहीत. चिमूटभर का होईना, त्यात काही घालून देतात. घरातले धान्य संपत आलेले असतानाही आईने हा रिवाज मोडला नाही. हंड्यात मूठभर बाजरी, परातीत दोन कांदे, डब्यात गुळाचा खडा, असे तिने घरात चार वर्षांची बेगमी असावी तसे सगळे घर भरल्या भांड्यांनी वाटून टाकले.

३. उरले ते सरकारचे भांडे. सन १९६८ साली आपल्या खात्याने आमच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला, कारण गावात झाड-भिंत आड न येणारी जागा तेवढीच होती. त्या दिवशी वडील विहीर खोदण्याच्या कामावर बाहेरगावी होते. घरात आई होती, म्हणून ताबापत्रावर तिचाच अंगठा घेतला गेला. पावसाळ्यात कुटुंब गावीच असल्याने आजवर अडचण आली नाही. नोंदी अर्जदार घेत असे. तो कॉलेजात असताना शाळेचे गुरुजी घेत. यंदा कुटुंब वर्षभरासाठी निघणार म्हणून अर्जदाराने ३ ऑक्टोबर रोजी यंत्र परत घेण्याची विनंती केली आणि आईला सांगितले, की आपण निघण्याआधी माणूस येईल आणि हे घेऊन जाईल.

४. दि. २१ ऑक्टोबर रोजी अर्जदार पहाटेच पाणी आणायला दोन मैलांवरच्या विहिरीवर गेला होता. परत येऊन त्याने नेहमीप्रमाणे साडेआठ वाजता यंत्र उघडले. आत पाणी होते. मोजपात्रात ओतून पाहिले तर बरोबर बारा मिलिमीटर. आकाश स्वच्छ होते. रात्री घरातली पाचही माणसे अंगणात झोपली होती आणि कोणाची वाकळ ओली नव्हती. तरीही अर्जदाराने नोंदवहीत १२.० असे लिहिले, कार्ड भरले आणि टपालवाल्याच्या हाती दिले. प्रयोगशाळेत त्याला हेच शिकवले होते की आधी यंत्र काय दाखवते ते लिहावे, का दाखवते ते नंतर शोधावे.

नंतर शोधायला त्याला पाच मिनिटे लागली. आईला विचारले. ती गोवऱ्या पोत्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकारचं भांडं हाय. रिकामं कसं द्यायचं? दानं घातलं तर किडं पडत्याल, म्हनून पानी घातलं." तिने स्वतःच्या वाट्याचे सकाळचे फुलपात्रभर पाणी त्यात ओतले होते. अर्जदार टपालवाल्याच्या मागे फाट्यापर्यंत धावला. टपालवाल्याने सायकल थांबवली, पण पिशवीत पडलेला कागद आता त्याचा नाही, सरकारचा आहे, असे सांगून तो निघून गेला. त्याचे म्हणणे नियमाला धरूनच होते.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने एव्हाना छबूबाईकडे गेलेले तेच फुलपात्र मागून आणले आणि ते तीन वेळा काठोकाठ भरून मोजपात्रात ओतले. ११.९, १२.१ आणि १२.० अशी मापे आली. यंत्राच्या तोंडाचा व्यास १२.७ सेंटिमीटर आहे व फुलपात्रात १५२ घन सेंटिमीटर पाणी मावते. यावरूनही उत्तर बाराच येते. हा तक्ता सोबत जोडला आहे.

६. मात्र हा खुलासा पाठवण्याआधीच आपले २७ ऑक्टोबरचे पत्र आले. आसपासच्या एकाही गावात थेंब नसता खडकबोरीत बारा मिलिमीटर पाऊस कसा, याची जागेवर चौकशी होईल. तोवर यंत्राला कोणी हात लावू नये आणि ताबाधारक झुंबरबाई हिने जागेवर हजर राहावे, असा हुकूम होता. सोबतच्या छापील कागदात पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि कोणत्या दिशेने आला, हे विचारले होते. अर्जदाराने ९ नोव्हेंबरच्या अर्जात उत्तरे दिली : सुरुवात - सकाळी सुमारे साडेसात; समाप्ती - लगेच; दिशा - स्वयंपाकघराकडून अंगणाकडे. ही उत्तरे थट्टेने लिहिलेली नव्हती. रकाने तेच होते आणि त्यात खरे तेवढेच लिहिता येत होते. कचेरीत त्यामुळे राग आला असल्यास अर्जदार क्षमा मागतो.

७. गाडी ३० ऑक्टोबरला निघाली, कारण मुकादम एक दिवसही थांबायला तयार नव्हता. आई दारात उभी राहिली. घरात एक वाकळ, एक तवा, एक तांब्या आणि आपले पत्र एवढेच होते. लोक दिलेली भांडी परत द्यायला आले तर तिने घेतली नाहीत. म्हणाली, चार दिवसांचा प्रश्न आहे, दिलेले परत काय घ्यायचे. त्याला आज एकोणपन्नास दिवस झाले.

८. इकडची हकीकत अशी. ऊसतोडीत माणूस एकटा धरत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळ्या बांधायच्या. आई मागे राहिल्याने वडिलांचा कोयता अर्धा झाला. मुकादम अर्धा कोयता घेत नाही, म्हणून आईच्या जागी अर्जदार उभा राहिला. मोळीचा बंध सैल पडला की वहिनी पलीकडच्या सरीतून हाक मारते, "आत्याबाई, आवळा की वाईच." आत्याबाई म्हणजे तिची सासू, अर्जदाराची आई. पहिल्या आठवड्यात टोळीतल्या बायका यावर फार हसत. आता कोणी हसत नाही. अर्जदाराच्या मोळ्या घट्ट बसू लागल्या आहेत. वडील पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपत नाहीत, बैलांजवळ झोपतात. ती कोपी त्यांनी दोन माणसांच्या मापाने बांधली होती.

९. दि. १० डिसेंबर रोजी अर्जदार दोन एस. टी. बदलून आणि पुढे पाच मैल चालून गावी गेला. आईला घेऊनच यायचे, हुकुमाचे काय व्हायचे ते होवो, असे ठरवून गेला होता. हे लिहिणे धोक्याचे आहे, पण या प्रकरणात एक खोटी नोंद आधीच झाली आहे, दुसरी करायची नाही.

आई उंबऱ्यावर बसलेली होती. अंगण स्वच्छ झाडलेले, फक्त यंत्राभोवतीचे हातभर वर्तुळ न झाडलेले. तिथे पाचोळा साचला होता. हात लावू नये असे पत्रात आहे, म्हणून ती तिथे केरसुणीही नेत नाही. पत्र कोनाड्यात दगडाखाली होते. शेजारी एक कप आणि बशी होती. ती साहेबांसाठी छबूबाईकडून मागून आणली आहे. गुळाची पुडीही साहेबांसाठीच राखली आहे. तिला मुंग्या लागू नयेत म्हणून ती आढ्याला टांगली आहे. पाण्याला जाताना ती दार उघडे टाकून जाते, म्हणजे मागे साहेब आले तर घरात कोणी आहे असे दिसावे.

१०. गावाबद्दलही लिहिले पाहिजे. दुष्काळी कामांपैकी खडी फोडण्याचे काम गावाला मंजूर होण्याच्या बेतात होते. ते या नोंदीच्या चौकशीपर्यंत थांबले आहे असे गावात समजले आणि त्यानंतर आईशी बोलणे बंद झाले. विहिरीवर एकीने तिला म्हटले, "झुंबरबाई, आमच्याबी हंड्यात पाड की वाईच पाऊस." ती आता सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर, दुपारी, एकटी जाते. छबूबाई तेवढी येत असे, पण तीही आता दुसऱ्या गावच्या कामावर उजाडता जाते आणि दिवे लागल्यावर येते. अर्जदार गेला त्या दिवशी आईचा आवाज घोगरा लागत होता. आजारी आहेस का, असे विचारले तर नाही म्हणाली. किती दिवसांनी बोलते आहेस, हे विचारायचे अर्जदाराने टाळले.

तिने तळावर यायचे नाकारले. अंगठा दिलेला आहे, त्यामुळे हुकूम मोडून आली तर सरकार वडिलांना धरील, अशी तिला भीती आहे. सायंकाळी अर्जदार निघाला तेव्हा ती वेशीपर्यंत आली नाही, कारण पाण्याखेरीज वेशीकडे जाणे म्हणजे तिच्या लेखी जागा सोडणे. अंगणाच्या कडेला उभी राहून तिने विचारले, "पाऊस पडला हुता असं सांगितलं तर सोडत्याल का रे मला? तसं सांगते मग. लई पडला म्हनते."



११. सबब विनंती अशी की, दि. २१ ऑक्टोबरची नोंद रद्द करून तिथे शून्य लिहावे. चूक आईची नाही. भांडे रिकामे देऊ नये एवढेच तिला ठाऊक होते. आकाश निरभ्र आहे हे ज्याला दिसत होते आणि तरी ज्याने लिहिले, चूक त्याची आहे. काही शिक्षा असेल तर ती अर्जदाराच्या नावे व्हावी आणि गावाचे काम अडू नये.

१२. हे शक्य नसल्यास चौकशीपुरता आईच्या जागी अर्जदाराला हजर धरावे. तो येऊन राहील आणि आई इकडे येऊन आपल्या कोयत्याला उभी राहील. तळ दर दहा-बारा दिवसांनी हलतो, म्हणून उत्तर कारखान्याच्या शेतकी कचेरीत पाठवावे. तिथून ते टोळीपर्यंत पोचते.

१३. हेही नियमात बसत नसेल तर अर्जदाराचे एवढेच म्हणणे आहे की चौकशीला कोणीतरी लवकर पाठवावे. साहेब स्वतः न आले तरी चालेल, कारकून आला तरी चालेल. मात्र जो येईल त्याने चौकशी सावकाश करावी. छापील कागदात प्रश्न तीनच आहेत, ते दोन मिनिटांत संपतील. त्याने आणखी काही विचारावे. बैलांची नावे, वाकळा कशा शिवल्या, कोणाला काय दिले, काहीही. ती उत्तर लांबवील, मधेच दुसरीकडे जाईल. तिला तोडू नये. चहा देईल तो बसून घ्यावा.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपला विनीत,
(सही)
कानिफनाथ सूर्यभान गर्जे

सोबत :
१) फुलपात्राच्या मापांचा तक्ता.
२) कचेरीच्या दि. २७ ऑक्टोबरच्या पत्राची हस्तलिखित नक्कल.
३) सौ. झुंबरबाई हिचा जबाब, तिच्या अंगठ्यासह. जबाब एका ओळीचा आहे. अर्जदाराने तिला एकच प्रश्न विचारला होता, भांड्यात पाणी का घातले.