घड्यांचा सह्याद्री

चिंचवड, ९ जानेवारी १९५८

चि. उद्धवास, दादाचे अनेक आशीर्वाद.

कारखान्याची खोकी सोडून स्वतःच्या हातांनी काय केलं ते लिहितो: एक हिमालय, एक सातपुडा, एक ज्वालामुखी, एक सह्याद्री. सगळे शाडूचे, सागाच्या पाटावर. हिमालय घडीचा; समुद्रतळाचे थर दोन्हीकडून दाबले की सतरंजी रेटल्यासारख्या वळ्या उठतात. सातपुडा ठोकळ्याचा, भेगा पडून आजूबाजूची जमीन खचते, मधला तुकडा उभा राहतो. ज्वालामुखी आपल्याच राखेचा, रसाचा ढीग. सह्याद्रीलाही घड्याच घातल्या. शाळेत चार बुकं शिकलो, पण मापात एका सुताची चूक काढून दाखव.

पुण्याचे कादरभाई शाळांना साहित्य पुरवतात. त्यांना सह्याद्री फार आवडला, तसेच पन्नास हवेत म्हणाले. म्हणजे खोक्यांची शेड सुटली. तिथं खिडकी नाही. दार भोंग्याला लागतं, भोंग्यालाच उघडतं. तुझ्या परसात माझ्या कामाला जागा मोजून ठेव.

तुझा,
ज्योतीराम

खेड, १७ जानेवारी

ती. दादांस, उद्धवचा शि. सा. न. वि. वि.

मोजायचं काय, छप्पर घातलंसुद्धा. रुक्मिणी म्हणते, दादांनी डोंगर खुशाल करावेत, माझ्या परातीत शाडू कालवू नये.

विहीर चौदा हात गेली. भाकरींची चवड ठेवावी तसा खडक लागतोय: काळा थर, वीतभर लाल माती, पुन्हा काळा. पाथरवट म्हणतो, वर कड्यापर्यंत असंच आहे, सगळं आडवं. तुमच्या उपयोगाचं म्हणून कळवलं. लवकर या.

आपला,
उद्धव

चिंचवड, २ फेब्रुवारी

चि. उद्धवास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रविवारी सपाटी बघायची पाणसळ घेऊन घोरवडीच्या डोंगरावर गेलो. थर आडवेच. मग पुण्याच्या वाचनालयात बसून वाचलं. जमीन फाटून तप्त रस पसरला, थिजला, त्यावर दुसरा आला. मधल्या काळात झिजून झाली ती लाल माती. पुढं पावसानं, नद्यांनी कोरलं, उरले ते कडे. दाबानं पडलेली घडी त्यात नाही. चूक माझी, आणि सुताची नव्हे.

कादरभाईंना म्हटलं, थरांचे करून देतो. ते हसले. मिस्त्री, सोबत द्यायचे तक्ते छापून झाले, घड्याच ठेवा, पोरांना काय कळतंय, म्हणाले. पोरांना कळत नाही म्हणूनच नको, असं मी म्हटलं. मूळचा सह्याद्री बादलीत भिजवलाय.

सोमवारी सात वाजता शेडमध्ये हजर आहे. छपराखाली शेळ्या बांध. माया आटू देऊ नका.

तुझा,
ज्योतीराम

ता. क. रुक्मिणी आकडा विचारेल. पन्नास सह्याद्री, घड्यांसकट, नगास बावीस. अकराशे रुपये मी नको म्हणालो.