बिननावाच्या शहराचा पत्ता

शुक्रवार पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य तृतीया, शके १८५६

प्रिय जोतीराम,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. सात वर्षं बोळात पाय ठेवला नाहीस, पुण्याला जाऊन लेखक झालास, आणि आमची आठवण काढलीस ती अशी!

साप्ताहिकात येणारी तुझी 'मुखवटेवाला' ही गोष्ट दर आठवड्याला सिदू न्हाव्याच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचतात. समोरच्या खिडकीत घोंगडीच्या दशा वळता वळता मी ऐकते. चोरांना धरणारा तुझा तो वीर राहतो त्या शहराला तू नावच दिलं नाहीस, म्हणून महिनाभर कट्ट्यावर भांडणं. सिदू म्हणे मुंबई, मास्तर म्हणे नागपूर. पण गिरणीच्या भोंग्यावर उठणारं गाव, एका बोळात तेलुगू, पुढच्यात कानडी, आणि घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा वास! मला राहवलं नाही. खिडकीतूनच ओरडले, अरे, हे आपलंच सोलापूर, आपलीच पेठ! जोत्याने आपल्याला गोष्टीत घातलं म्हणून केवढा अभिमान वाटला मला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण पुढच्याच आठवड्यात तुझ्या मुखवटेवाल्याने चोर पकडला. देवाचे चांदीचे डोळे चोरणारा, घोंगड्या विणणारा, डावा पाय ओढत चालणारा म्हातारा. शहर ठरलं होतं, माणूस ठरायला कितीसा वेळ? सगळा कट्टा आमच्या दाराकडे, माझ्या आबांकडे बघायला लागला. आठ वर्षांपूर्वी बिरोबाचे डोळे गेले होते आणि महिन्याने देवळाच्या उंबऱ्यावर सापडले होते, ते सगळ्यांना आठवलं.

पंचांनी आबांना देवळात बोलावलं. म्हणाले, देवाचा भंडारा उचलून शपथ घे आणि म्हण, डोळ्यांबद्दल मला काही ठाऊक नाही. एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. आबांचा हात भंडाऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. ते खोटा भंडारा उचलणार नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पंचांनी काय समजायचं ते समजून घेतलं. अमावास्येला देवाला नवी घोंगडी चढते, ती चाळीस वर्षं आबांच्या हातची. यंदा नको, असा निरोप आलाय. घोंगडी विणून तयार आहे. आबा तिच्याशेजारी बसून असतात, जेवत नाहीत.

आता ऐक. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी आबांना मी आमच्या खळीच्या मडक्यातून ते डोळे काढून धोतराला पुसताना पाहिलं होतं. कुणाला बोलले नाही, त्यांनाही नाही. आठ वर्षं मी बापाला चोर समजत आले आणि खालमानेने त्यांना भाकरी वाढत आले. याची भरपाई तू कशी करणार?

परवा तुझ्या गोष्टीतल्या चोराने कबुली दिली, डोळे खळीच्या मडक्यात लपवले होते म्हणून. जोतीराम, मडक्याचं आबा आणि मी सोडून पेठेत कुणालाच माहीत नव्हतं. मग पुण्यात बसून तुला कसं कळलं? ज्याने ते तिथे लपवले, त्यालाच ठाऊक असणार. मी आबांना विचारलं. एवढंच म्हणाले, “बजाबाई लई रडली गं. तिच्यासाठी भंडारा उचललाय म्या. फुडं काय इचारू नगस.” बजाबाई, तुझी आई, जाऊन तीन वर्षं झाली, आणि हा म्हातारा अजून तिला दिलेला शब्द सांभाळतोय. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, छापलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या.

तुझी खुशाली विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. अमावास्येच्या सकाळी ये, मुखवट्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने पंचांसमोर उभा राहा आणि आबांची घोंगडी स्वतःच्या खांद्यावरून देवळात ने. आला नाहीस, तर या पत्राची नक्कल मी करून ठेवली आहे. त्या दिवशी कट्ट्यावर तुझ्या गोष्टीऐवजी तीच वाचली जाईल. शपथ आबांनी घेतली आहे, मी नाही. आणि माझ्या गोष्टीत शहराचं नाव आहे, पेठेचं आहे, तुझंही आहे.

एके काळची तुझीच,
बाळाबाई