त्रेसष्ट नंबरचा चेंडू

३ मार्च, सोमवार

डेसाच्या वर्गावर पुन्हा बदली बाई! सप्टेंबरपासून ही चौथी. डेसा म्हणाली, "आजपण सिनेमाच लावला गं आई, तोच." पाचवीतली पोर, गणिताचं पुस्तक अजून कोरं करकरीत. आणि त्या शाळेची बस चालवते कोण? मी! रोज सकाळी बर्फातून चाळीस मुलं तिथे नेऊन सोडते. डेसा माझ्या मागच्याच सीटवर. घरापासून शाळेपर्यंत तिची स्वप्नं सांगून होतात. संध्याकाळी मी दुसऱ्या नोकरीवर, त्यामुळे आमची बोलायची वेळ तेवढीच.

"शाळा तुम्ही निवडा," असा कायदा आलाय म्हणे. निवडली. तलावाकाठच्या नव्या शाळेत सहावीसाठी अर्ज टाकला. डेसानं विचारलं, "तिथली बस कोण चालवतं?" प्रश्न तरी बघा हिचे!

६ मार्च

जागा बावीस, अर्ज एकशे अठरा. पिंजऱ्यात नंबरांचे चेंडू फिरवून सोडत काढणार. मग निवडलं कुणी, मी का पिंजऱ्यातल्या चेंडूंनी? बर्निस म्हणते, "ताई, तिथे जाऊन तोंड सोडू नकोस." धाकटी बहीण आणि शिकवते मला!

८ मार्च, शनिवार

चोरी! सगळं लिहूनच ठेवते.

चर्चमधला बिंगोचा, चेंडू फिरवायचा पिंजरा नव्या शाळेच्या जिममध्ये आणून ठेवलेला. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक मुलानं आपला चेंडू आपल्या हातानं आत टाकायचा, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. आईबाप दोरीच्या मागे. डेसाला त्रेसष्ट नंबर मिळाला. गर्दीत शिरली, परत आली. बावीस नंबर पुकारले, आमचा नाही. ठीक. मग प्रतीक्षायादीसाठी उरलेले सगळे. पिंजरा रिकामा झाला तरी त्रेसष्ट नाहीच!

मी उभी राहून ओरडले. मुख्याध्यापिका मिसेस पेटवेंनी चेंडू पुन्हा मोजले. एकशे सतरा. "माझ्या मुलीचा नंबर गिळलात काय?" डेसा बाही ओढत होती, "आई, चल ना घरी." मी तिला झटकलं.

११ मार्च

शाळा मंडळाकडे लेखी तक्रार दिली. चोर हा शब्द तीनदा. पेटवेबाईंच्या भाचीला जागा मिळाली, तेही लिहिलं. बर्निस म्हणाली, "पुरावा आहे?" नाही. पण चेंडूला काय पाय फुटले?

१२ मार्च

डेसानं मॅकरोनीला हात लावला नाही. आवडीची असून.

१४ मार्च, शुक्रवार

पेटवेबाईंचा फोन. आवाज बसलेला. "चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलंय. एकोणतीस वर्षं शिकवतेय मी. पण तुमच्या मुलीसाठी एक जागा वाढवा, असं मीच सांगितलंय मंडळाला. मिळाली." मी फोन आपटला. आता कशी सरळ आली! जिंकले!

डेसाला सांगितलं तर रडायलाच लागली. आनंदानं असेल. सकाळी बसमध्येही एक शब्द बोलली नव्हती.

१६ मार्च, रविवार

डेसाचा कोट धुवायला काढला. खिसा फाटलेला, अस्तरात काहीतरी टणक लागलं. कापून काढलं. त्रेसष्ट.

तिथली बस कोण चालवतं, हे विचारत होती ती. आणि तुला तिथे जायचंय का, असं पोरीला एकदाही विचारलं नव्हतं मी. आधी तिच्याजवळ जाऊ की पेटवेबाईंना फोन लावू?