गाडी कशी आहे, विचारलं म्हणून

अकोला,
१९ मे २०१९

ती. कौशल्याताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाला पाणी आठवड्यानं येतं, तेही येईल तेव्हा खरं. शाळेला सुट्ट्या आहेत, त्यामुळे मी घरीच असतो आणि सगळ्यांना नकोसा होतो. शेत यंदाही बटईनं दिलंस हे ऐकलं. बरं केलंस. भाऊजींच्या उजव्या डोळ्याला नव्या औषधानं काही फरक पडला का?

परवा प्रणालीचा फोन आला होता. आपली पोरगी अचलपुरात नर्स होऊन स्वतःच्या पगारावर गाडी घेते आहे, याचा मला किती आनंद झाला ते कसं सांगू? म्हणाली, "मामा, बाबांले अमरावतीले न्यायचं म्हटलं की दोन ठिकाणी जीप बदला लागते. एक छोटी एसयूव्ही घेऊन टाकतो. पण तुमच्यासारखी घेऊ नको म्हणते आई. सांगा ना, कशी आहे तुमची गाडी?" मी तिला म्हटलं, नीट विचार करून कळवतो. ते आता लिहितो.

बसायला गाडी फार आरामाची आहे. सीट उंच, त्यामुळे आत शिरताना वाकावं लागत नाही. माझ्या सासूबाई गुडघे धरून धरून चालतात, त्याही आपल्या आपण चढतात. मागच्या सीटवर तिघं बसले की मधल्याची थोडी अडचण होते, तेवढंच. एसी या उन्हातही पाच मिनिटांत गाडी गार करतो. खालून उंच असल्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीतल्या चाकोऱ्यांतून निघते, पोट घासत नाही. परतवाड्याच्या पुढे घाट चढून चिखलदऱ्याला जाऊन आलो, कुठं दमली नाही. सर्व्हिसिंग वेळेवर केलं की दुसरं काही मागत नाही.

आणि भरवशाचं विचारशील, तर ती आजपर्यंत एकदाही बंद पडलेली नाही.

ताई, हे वाक्य पुन्हा वाच. एकदाही नाही. त्या दिवशीही नाही.

इथून पुढचं तू आधी एकटीनं वाच. भाऊजींना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव, असं लिहिणार होतो. पण तेही ओझं तुझ्यावरच टाकल्यासारखं होईल. त्यांना वाचून दाखव. सगळं दाखव.

२०१७च्या दसऱ्याला गाडी घेतली होती. हार अजून सुकला नव्हता, सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. तुम्हाला दाखवायला म्हणून मी एकटाच निघालो होतो. दर्यापूर सोडलं आणि तुझा फोन आला. भाऊजी कपाशीच्या पराटीत फवारणी करून राहिले होते, वारं फिरलं, सगळं औषध तोंडावर आलं. उलट्या होऊन राहिल्या, डोळ्यांसमोर अंधार येऊन राहिला. मी म्हटलं, "आलोच, तुमच्या गावच्या फाट्यावर पोचतोच आहे." हे खोटं नव्हतं. मी खरंच फाट्यावर होतो.

मग तू म्हणालीस, "कपडे औषधानं भिजले आहेत रे त्यायचे. तुही नवी गाडी आहे. मी गोणपाट टाकतो खाली, सीट नाही खराब होऊ देत."

तोवर माझ्या मनात ते आलं नव्हतं. तू माझ्या गाडीची काळजी केलीस आणि मलाही तिची काळजी वाटायला लागली. तो वास, त्या उलट्या, नवं कापड. मी फाट्यावर बाभळीखाली गाडी उभी केली. जरा वेळ नुसता बसलो. गावातून कोणतं ना कोणतं वाहन निघेलच, असं मनाशी म्हणत राहिलो. मग तुला फोन केला आणि म्हटलं, "ताई, गाडी बंद पडली."

तुम्ही तोवर अंगणात माझी वाट बघत होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. सत्तारभाईंचा टेम्पो लांबून येताना दिसला तेव्हा मी घाईनं खाली उतरलो आणि बोनेट उघडायला गेलो. त्याचा खटका कुठं असतो तेही मला माहीत नव्हतं. कसंबसं उघडलं. अब्दुल सत्तार म्हणजे गावोगाव किराणा पोचवणारा माणूस. त्यानं तुम्हाला जागा करायला किराण्याची पोती देवळासमोर उतरवून ठेवली होती. मला बघून टेम्पो हळू केला. "धक्का मारू का, मास्तर?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही निघा, थांबू नका." मागे तू भाऊजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. त्यांच्या तोंडाला फेस होता. आणि तू मला काय म्हणालीस आठवतं? "तू इथंच थांब गजू. नवी गाडी एकटी सोडून येऊ नको."

टेम्पो दिसेनासा झाल्यावर मी चावी फिरवली. पहिल्याच वेळी सुरू झाली. मी अकोल्याला परत आलो, गाडी घरी लावली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं तुम्हाला भेटायला दवाखान्यात आलो.

भाऊजी वाचले. डावा डोळा गेला, उजवा धुरकट झाला. अगोदर पोचले असते तर काही वेगळं झालं असतं का, हे डॉक्टर कधी बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. विचारायची भीती वाटली.

पण हे पत्र डोळ्यांपुरतं नाही, ताई. तू दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून म्हणाली होतीस, "जीपवाला दाराशी थांबला होता. चला म्हणत होता. मीच म्हटलं, माहा भाऊ येऊन राहिला. मीच जाऊ दिली जीप." ते तू त्यानंतर किती वेळा म्हणालीस! राखीला म्हणालीस, दिवाळीला म्हणालीस, मागच्या महिन्यात भाऊजींना भाकर कुस्करून देतानाही म्हणालीस. आणि भाऊजी दर वेळी तुलाच समजावतात, "तुहा काय दोष? अन् गजेंद्रचा बी काय दोष? यंत्र आहे बापा, माणूस थोडी आहे." मी समोर बसून चहा पीत राहिलो.

जीप तू नाही जाऊ दिलीस. ती मी जाऊ दिली. तू भावावर विश्वास ठेवलास, यात तुझी चूक एवढीही नाही.

फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. तू लगेच "जेवला का?" विचारतेस आणि माझा धीर जातो. म्हणून लिहितो आहे. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे, आणि मग तेही मी तुझ्याकडून फुकटात उकळल्यासारखं होईल.

सत्तारभाईंना काल दर्यापुरात जाऊन भेटलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, मले कावून सांगून राहिले? तिकडं सांगा ना." चहा मागवला नाही. मीही थांबलो नाही.

प्रणालीला हीच गाडी घेऊ दे. चांगली आहे. माझ्या तोंडच्या लबाडीमुळे भाऊजींना अजून वर्षभर जीप बदलत जावं लागू नये. का घ्यायची, हे मात्र तिला तू सांगू नकोस. मी उद्या अचलपूरला जातो आहे. ती लहानपणापासून मला फार मानते. ते मानणं जायचं असेल, तर माझ्या देखत जावं.

भाऊजींना नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुझा,
गजू