वीस कनेक्शनं आणि चर्चचा गायकवृंद

बंदरावरचं ऑफिस, बुधवार

ती. ओडलाउग आत्यास,
स्वेनुंगचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठणठणीत आहे, आणि (स्वतःच सांगायला संकोच वाटतो, पण दुसरं कोणी सांगणार नाही) गेल्या सोमवारी मी आमची बोटकंपनी वाचवली.

झालं असं, की ईस्टरची तिकीटविक्री सकाळी आठला सुरू झाली आणि आठ वाजून चार मिनिटांनी बंद पडली. तिकिटांची नोंद ज्या डेटाबेसमध्ये असते, तो एका वेळी शंभरच कनेक्शनं घेतो. आमची वेबसाइट मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं कनेक्शन उघडायची आणि काम झालं तरी सोडायची नाही. आमच्या साहेबीण गुनवोरबाई म्हणाल्या, "शंभरचे पाच हजार कर की! आकडाच तर बदलायचाय." बदलला. सर्व्हरची मेमरी संपली आणि तो आडवाच झाला. तेव्हा मी कनेक्शन पूलिंग बसवलं. (तू बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलीस, तुला लगेच कळेल.) वीसच कनेक्शनं कायम उघडी ठेवायची, येईल त्याने एक घ्यायचं, काम होताच परत करायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. "पाचशे माणसं आणि वीस कनेक्शनं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" बाई कडाडल्या. पण आत्या, पापणी लवायच्या आत रांग पुढे सरकत होती! दहापर्यंत बोटी भरल्या.

एक बारीकशी गोष्ट राहिली. कनेक्शन परत आलं, की आधीच्याने जायला निवडलेलं बेट त्यावरून पुसायचं असतं. ती ओळ लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. त्यामुळे एका बुकिंगला दुसऱ्याचंच बेट चिकटलं. एकच बुकिंग, अकराच तिकिटं. ओळ त्याच दुपारी घातली, तीनदा तपासली. आता काळजीचं कारण नाही.

तुझा,
स्वेनुंग

ता. क. ती अकरा तिकिटं इथल्या चर्चच्या गायकवृंदाची. जायचं होतं हेस्टॉयला, तिकिटं निघाली तुझ्या लिंगॉयची, आणि ते कळलं आज धक्क्यावर. हेस्टॉयची बोट गच्च भरलेली, म्हणून त्यांना तुझ्याकडच्या बोटीत बसवलं. तिथून उद्या दुपारी त्यांना पुढची बोट आहे. हे पत्र त्यांच्याच हाती दिलंय, तेव्हा आता ते तुझ्या दारात उभे असतील. गाद्या माळ्यावर आहेत ना?

ता. ता. क. त्यांतल्या उंच बाई म्हणजे गुनवोरबाई. बुकिंग त्यांनीच केलं होतं, आणि आपणच चुकीचं बेट निवडलं असं त्यांना वाटतंय. सकाळपासून माझ्याशी फार गोड बोलताहेत. वाटू दे.