पाटीवर घरचं माणूस

प्रिय बाळू,

तुला असं पत्र लिहायची वेळ माझ्यावर यावी, हे काही बरं नाही. मी थोरली, तू धाकटा. लिहायचंच होतं तर तू माझ्यामागं लिहायचंस. पण तू जन्मात कधी रांगेत नीट उभा राहिला नाहीस, इथंही मधूनच पुढं घुसलास.

आज बसले त्याला कारण आहे. येत्या रविवारी तुझ्या लेकीची, मेघनाची, निवडीची मॅच आहे आणि पाटीवर मी उभं राहायचं का नाही, हे ठरवायचं माझ्यावर येऊन पडलं. लई दमले रे मी. गुडघे तर दमलेलेच होते, आता डोकंही दमलं. तुझे दाजी असते तर त्यांना विचारलं असतं. ते नाहीत. म्हणून म्हटलं, ज्याच्यामुळं हा घोळ झाला त्यालाच विचारावं.

तुला आठवतो का कंपनीतला तो पहिला बोर्ड? तू पाचोडहून माझ्याकडं सिडकोत राहायला आलास, चिकलठाण्याच्या कंपनीत लेथवर लागलास. कुणी परदेशी इंजिनिअर मशीन बसवायला आला आणि जाताना कामगारांच्या खोलीत तो डार्ट्सचा गोल बोर्ड आणि तीन बाण सोडून गेला. बाकीचे कॅरमला चिकटलेले. तू आपला जेवणाच्या सुट्टीत एकटाच तिथं. घरी येऊन मला म्हणालास, "अक्का, चिंचा पाडायचंच काम हाय, फक्त चिंच खाली पडत नाय." पाचोडच्या बाजारात तू दगडानं चिंचा पाडायचास तेव्हा झाडाचा मालक तुला शिव्या द्यायचा आणि त्याच तोंडानं तुझ्या नेमाचं कौतुकही करायचा. तुझ्या हाताला ते वरदान लहानपणापासूनचं.

मग तू माझ्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, बोर्ड लावलास. दाजी म्हणाले, बायकोचा भाऊ आला आणि भिंतीला भोकं पडली. पण संध्याकाळी चहाचा कप घेऊन तेच पहिले येऊन बसायचे.

आणि मला तू पाटीवर उभं केलंस. शाळा माझी दुसरीतच सुटलेली. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून मी वाचायला शिकले, आणि वजाबाकी शिकले ती तुझ्या खेळातून. पाचशे एकपासून खाली उतरायचं, आणि शेवटचा बाण कडेच्या त्या अरुंद पट्टीत बसला तरच जिंकलं. तू फेकायचास, मी खडूनं वजा करायची. चुकले की तू मागून म्हणायचास, "अक्का, माझे दहा खाल्लेस. भूक लागली असंल तर भाकर खा."

गावात खेळ वाढला, क्लब निघाला, मॅचेस व्हायला लागल्या, आणि हिशोबावरून भांडणं सुरू झाली. तेव्हा ती पद्धत पडली. पाटीवर घरचं माणूस. दोन खेळाडू, दोघांच्या घरचं एकेक माणूस बोर्डाच्या डाव्या-उजव्या अंगाला, दोघंही लिहिणार, दोघंही एकमेकांच्या पाटीवर डोळा ठेवणार. घरचं माणूस नसेल तर खेळायला मिळत नाही. बाहेरगावचे लोक हसायचे. त्यांच्याकडं पंच असायचा, आपल्याकडं कुणाची आई, कुणाचा सासरा. पण भांडणं थांबली, हे खरं. फक्त खोली अरुंद होती, पाट्या बोर्डाला अगदी खेटून ठोकल्या होत्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इतक्या शहाण्या माणसांत एकालाही नाही.

पाटीवरच्या माणसानं तोंड बोर्डाकडं ठेवायचं, मागं वळायचं नाही. म्हणून बघ, इतकी वर्षं तुझ्या मॅचेस पाहिल्या असं मी सगळ्यांना सांगत आले, पण फेकताना तुझं तोंड मी कधीच पाहिलं नाही. मला माहीत होता तो फक्त आवाज. ठक, ठक, ठक. आवाजावरून मी सांगायची, आज बाळू खुशीत आहे, आज त्याचं मॅनेजरशी वाजलंय.

काय दिवस होते रे ते! कलकत्त्याला गेलास, रेल्वेत दाराजवळ पेपर अंथरून. नागपूरला जिंकलास. आपले अण्णा निजामाच्या वेळच्या पोलीस ॲक्शनच्या गोष्टी जशा रंगवून सांगायचे, तशा तू त्या मॅचेसच्या सांगायचास, दर वेळी थोड्या वाढवून. पुढं नव्या मॅनेजरनं रजा द्यायचं बंद केलं, तर तू कायमची नोकरी सोडून मोकळा झालास. आई रडली. मी रडले नाही, मला वाटलं माझा भाऊ आता मोठा होणार.

मग तो बाण. क्लबातली साधी मॅच होती. तुझा बाण बोर्डाच्या तारेवर आपटला, उलटा फिरला आणि माझ्या भुवईला लागला. डोळ्याच्या जरा वर. रक्त आलं, कुणीतरी हळद आणली. मीच तुला म्हटलं की भावानं बहिणीला कुंकू लावायची ही नवी रीत काढलीस. सगळे हसले. तू हसलास का? मला आठवतच नाही. मी बोर्डाकडंच बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू तो चष्मा आणलास. एवढा मोठा, गालापर्यंत येणारा. म्हणालास, अक्का, तुला नीट दिसत नाही, पाटीवर उभी राहताना हा घालत जा. घातला तर जसं आधी दिसायचं तसंच दिसायचं. खूप वर्षांनी, मोतीबिंदूच्या वेळी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, याला नंबरच नाही, साधी काच आहे." घरी येऊन तुला किती बोलले मी! गुलमंडीवरच्या दुकानदारानं तुला फसवलं, एवढा नेमबाज माणूस आणि एक चष्मा धड आणता येत नाही. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

आणि चष्मा नवा होता तेव्हाची ती निवडीची मॅच. आपल्याच गावात, आपल्याच क्लबात, म्हणून आपलीच पद्धत. समोर सलीम, तुझा रोजचा जोडीदार. जिंकणारा परदेशातल्या चाचणीला जाणार होता. तू पुढं होतास. एकच बाण बसायचा होता. मी चष्मा लावून पाटीपाशी, हातात खडू. पलीकडं सलीमचे अब्बा.

बाण येईना.

मागं सगळं शांत. कुणी खोकलं. मग कुणी हळूच हसलं. सलीमच्या अब्बांनी माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं, मी त्यांच्याकडं. वळून बघायची इच्छा अशी दाटून आली होती म्हणून सांगू! मग काहीतरी मधल्यामधी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि तुझा आवाज आला, "सलीम, मॅच तुझी झाली." मी वळले तेव्हा तू दारातून बाहेर जात होतास. तुझी पाठ दिसली. पाटीवर तुझे उरलेले आकडे तसेच होते, ते पुसायचं मला सुचलं नाही.

घरी येताना स्कूटरवर तू एकच गोष्ट विचारलीस. "अक्का, चष्मा लावला होतास ना?" मी वैतागून म्हटलं, त्या आंधळ्या चष्म्याचं काय घेऊन बसलास. तेव्हा तरी बोलायचंस की रे!

पुढचं काय सांगू, तुला ठाऊकच आहे. बादली उचलायचास, पाना फिरवायचास, मेघनाला उचलून खांद्यावर घ्यायचास. हात धड होता. फक्त बाण धरला की मूठ आवळायची ती सुटायची नाही. आईला वाटलं, नजर लागली. पिशोरला हाडं बसवणारा होता, त्याच्याकडं नेलं. त्यानं खांदा असा ओढला की तू मेलो म्हणून ओरडलास, लेप लावला आणि अमावस्येपर्यंत हात हलवू नको म्हणाला. अमावस्या गेली. लेपाचा वास गेला. हात काही सुटला नाही. तू परत लेथवर उभा राहिलास, दुसऱ्याच्या छोट्या वर्कशॉपात. सलीम चाचणीला जाऊन हरून आला, तो कूलर दुरुस्त करतो. या खेळात वर गेलेला आणि खाली पडलेला, दोघं शेवटी एकाच टपरीवर चहा पितात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तुझ्या बायकोचं, सुनंदाचं, म्हणणं मला पटतंही.

ती मंगळवारी आली. तू गेल्यापासून ती एकटी अशी कधी येत नाही. बसली, पाणी प्यायली, म्हणाली की मेघनाची निवड आहे, मी पाटीवर उभी राहणार नाही हे तिला सांगून झालंय, आता तुम्हीही नाही म्हणा. दोघींनी नाही म्हटलं की खेळच होत नाही. एक माणूस यात झिजला, आता पोरगी नको. कंपनीत चांगली नोकरी आहे, ती करू दे.

मी म्हटलं, पोरीचा जीव आहे त्यात.

तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. "अक्का, त्यांचा हात कशानं अडला ठावं हाय का? मला म्हणायचे, बोर्डाकडं बघितलं की बोर्ड दिसतच नाय, अक्काचा डोळा दिसतो."

ती म्हणाली, तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, ते होते तोवर पाळली.

बाळू, मी उठून कपाटातून तो चष्मा काढला आणि कितीतरी वेळ नुसती हातात धरून बसले. साधी काच. दुकानदार बिचारा खराच होता. आणि त्याला मी इतकी वर्षं शिव्या देत होते.

राग आला मला तुझा. अजून आहे. पाटी लांब लावा असं क्लबात का नाही म्हणालास? मला घरी बस असं का नाही म्हणालास? मी रुसले असते, हो, रुसलेच असते, गावंढळ बहिणीची लाज वाटते का म्हणून विचारलं असतं. मग दोन दिवसांनी तुला पुरणाची पोळी करून घातली असती. माझ्या रुसण्याला एवढं घाबरायचं होतं का?

सलीमकडं गेले, पद्धत मोडता येते का विचारायला. तो म्हणाला, "अक्का, बोर्ड पे घर का आदमी नै तो खेल नै. ये तो बाळूच बोलता था सबको." घे. तूच!

बुधवारी मेघना कंपनीतून परस्पर माझ्याकडं आली, बाण घेऊनच. मी तिला विचारलं, तुझ्या बाबांच्या हाताचं तुला माहीत होतं का? होतं म्हणाली. मग मलाच कशाला उभी करतेस, आणखी कुणी बघ की.

"आत्या, दुसरं कोण हाय मला घरचं?"

गेलो मागच्या अंगणात. पत्र्याखाली तुझाच बोर्ड, कडेनं कुरतडलेला. मी चष्मा लावला, खडू घेतला, तोंड बोर्डाकडं केलं. ठक. ठक. चांगला आवाज, तुझ्यापेक्षा जरा हलका. मग मागं शांत झालं.

तेच शांत, बाळू. तेच. माझ्या हातातला खडू ओला झाला. मनात म्हटलं, झालं, हिचीही मूठ आवळली, सुनंदा खरं बोलत होती. बाण येईना. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी येईना.

आणि मागून आवाज आला. "आत्या, भ्या वाटायलंय मला. जराशी डावीकडं सरक."

मी सरकले. अर्धं पाऊल असेल. जास्त नाही.

ठक.

एवढंच होतं का रे? अर्धं पाऊल? मी तुझ्यासाठी पाचोडपर्यंत सरकले असते.

तिथंच, चष्म्याच्या आत, रडले मी. पोरीनं पाहिलं नाही, तोंड बोर्डाकडं होतं. मग ती जवळ येऊन पाटी बघून म्हणाली, "आत्या, माझे वीस खाल्लेस." बाप गेला तरी बोलणं राहिलं बघ मागं.

सुनंदाला मी काल सांगितलं, मी उभी राहणार आहे. रागावली. मग म्हणाली, पोरगी हरली तर? मी म्हटलं, हरली तर दोघी मिळून घरी आणू तिला, पण बोलती आणू. जाताना मात्र विचारून गेली, रविवारी किती वाजता.

तर बाळू, आता तुला शब्द देते. मी गुडघ्यांना तेल लावून, चष्मा लावून पाटीवर उभी राहीन. तुझी लेक म्हणाली सरक, तर सरकेन. म्हणाली बाहेर जा, तर खडू सुनंदाच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसेन आणि रुसणार नाही. जिंकली, हरली, मी तुला सांगायला येणार नाही, दमलेय मी. पण मॅच संपली की या वेळी पाठ दिसायच्या आत वळेन. तोंड बघेन तिचं. तुझं बघायचं राहिलं ते.

तुझ्याच पाटीवरची,
अक्का