घागरीपुरती जागा

चंद्रपूर,
होळीच्या आधीचा आठवडा, २००५

प्रिय पायल,

पत्र पाहून घाबरू नको, इथे सारे खुशाल आहेत. फोन असताना बाबाला पत्र कसं सुचलं, असं तू म्हणशील. अगं, एसटीडीच्या दुकानात तुझी आई मला खेटून उभी असते आणि मी एक वाक्य बोललो की कोपर मारते. मला सांगायचं आहे ते कोपर खात सांगण्यासारखं नाही. आज ती सिंदेवाहीला लटारूमामाकडे गेली आहे, उद्या येईल. तोवर लिहून टाकतो. शाळेत घंटा वाजवता वाजवता शुद्ध लिहायला शिकलो, शिपायाच्या नोकरीचा एवढाच काय तो नफा. मधूनच आपली बोली घुसली तर सांभाळून घे.

डॉक्टरीणबाईंनी वैशाखातली तारीख दिली, असं जावईबापू सुरेंद्ररावांनी सांगितलं. फार आनंद झाला. छकुलीला आता पाठचं भावंड येणार. बाळंतपण कुठे करायचं, ते तू अजून बोलली नाहीस. मी ते विचारायचं नाही, असं तुझ्या आईने मला बजावलं आहे, तेही अन्नावर हात ठेवायला लावून. तेव्हा मी विचारत नाही. इथली हकिकत तेवढी सांगतो.

आपल्या घरामागचा नाला तू पाहिला होतास तसा आठव. नव्या वसाहतींचं सांडपाणी घेऊन यायचा, काळा आणि फेसाळ, आणि आपल्या मागच्या दारापुढून झरपट नदीत उतरायचा. दोन्ही काठांना बेशरमीच्या झुडपांचं रान, त्यात डुकरं. माझ्या बापाने जिथे मरळ धरल्या तिथून मी नाकाला धोतराचा सोगा लावून जायचो. आपण ढिवर माणसं, नदीच्या काठावर राहून बाजारातून मासे आणत होतो, बाप्पा! आणखी काय सांगू? उन्हाळ्यात तर पाहुणा आला की त्याला बाहेर ओट्यावर बसवायची लाज वाटायची. दार लावून, पंख्याखाली बसवून चहा द्यायचा.

छकुलीच्या वेळी तुझं ओटभरण करून आम्ही नागपूरहून एसटीने परत येत होतो. बुटीबोरीपासून तुझी आई खिडकीकडे तोंड करून बसलेली. वरोऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी भजी आणली, तिने हात लावला नाही. भजीला हात लावत नाही म्हणजे बाईला ताप असेल, असं मला वाटलं. गाडी सुटल्यावर एकदम म्हणाली, "पायलचे बाबा, तो आपला नाला येते कोठून?" मी म्हटलं, घाणीचं माहेर शोधून काय करतेस? दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या काठाकाठाने निघाली ती दुपारी परतली. साडीला बेशरमीचा चीक आणि पायाला चिखल, पण तोंड मात्र उजळलेलं.

मग तिने केलं ते फक्त ढिवराची लेकच करेल. सरळ माहेरी गेली आणि मामाच्या तलावातून चिला आणि पांढरी चिऊल उपटून आणली, ओल्या पोत्यात गुंडाळून, लेकराला आणावं तशी. या पाणवेलींमध्ये मासोळी अंडी घालते, पिलं लपतात, हे तिला पाळण्यापासून माहीत. वेल आले की मासे येतील, मासे आले की नदी सुधारेल, असा तिचा हिशेब. शेजारच्या अंजनाबाईला आणि मोहल्ल्यातल्या चार बायांना घेऊन तिने ते सगळं त्या काळ्या पाण्यात लावलं. पंधरवड्यात सारं सडलं. आधीचा वास परवडला, अशी गत झाली. मी हसलो, अंजनाबाईचा नवरा हसला, आणि तुझी आई त्या सडलेल्या वेलींजवळ बसून रडली. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. मग मला हसू येईना.

दिनेश सर तेव्हाच भेटले. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात, मूळचे धानोऱ्याकडचे, रोज सायकलने आपल्या मोहल्ल्यातून जातात. बाई गटाराच्या काठाला बसून रडते आहे म्हटल्यावर माणूस उतरणारच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, तुमचे वेल चांगल्या पाण्याचे, त्यांना इथे श्वासच मिळाला नाही. आधी घाण पचवणारी झाडं लावा: पाणकणीस, देवनळ, वेखंड, कर्दळ. त्यांच्या मुळांभोवती डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते घाण खातात. पाणी निवळलं की मग तुमचे माशांचे वेल. तुझ्या आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंजे पयले भांडे घासणारे, मंग पाहुणे." सर म्हणाले, अगदी तसंच. ही गोष्ट ते अजून वर्गात सांगतात म्हणे.

त्यानंतर दोघांचं असं जमलं की विचारू नको. सरांनी चुन्याने जमिनीवर आखून दिलं. नाल्याचं पाणी आधी एका खोल खड्ड्यात थांबेल, तिथे गाळ खाली बसेल. मग दगडगोट्यांच्या बांधातून ते हळूहळू झिरपेल, मग या झाडांच्या वाफ्यांतून वळसे घेत जाईल, आणि शेवटी एका उथळ डबक्यात येऊन नदीला मिळेल. सिमेंट नाही, मोटर नाही. सरांच्या कॉलेजातल्या पोरांनी लावलेली रोपं मात्र पाण्याबरोबर निघून जायची. तेव्हा बायांनी तलावातली युक्ती काढली, प्रत्येक मुळाभोवती चिकणमातीचा गोळा करून तो गवताच्या दोरीने बांधायचा आणि पायाने दाबायचा. सरही पँट वर करून दाबायला उतरले. डुकरांना अडवायला मी बांबूचं कुंपण केलं, म्हणजे या महान कार्यात माझाही वाटा आहे, हे तुझ्या सासरी सांगून ठेव.

पहिल्या पुरात अर्धे वाफे गेले. मी सकाळी बघून आलो आणि तिला कसं सांगावं म्हणून चहा करत बसलो. ती माझ्या आधीच बघून आली होती. म्हणाली, "अर्धे राह्यले ना." आणि चहा प्यायली. पायल, इतकी वर्षं मी या बाईबरोबर संसार केला, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिला आपण पुरतं ओळखलेलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नगरपालिकेचं नाले साफ करणारं मशीन आलं, बरोबर साहेब. साहेब वाईट नव्हता. त्याला हुकूम नाला साफ करायचा, आणि नाल्यात पुरुषभर गवत उभं. त्याच्या दृष्टीने तो कचराच. बाया आरडाओरडा करायला लागल्या तशी तुझ्या आईने त्यांना गप्प केलं. साहेबाला हात जोडून वर खड्ड्यापाशी नेलं, म्हणाली वास घ्या. मग खाली डबक्यापाशी आणलं, म्हणाली आता घ्या. साहेब इकडेतिकडे बघायला लागला तर म्हणते, "नाक तं तुमचं सरकारी नाई ना साहेब, सांगा काय येते तं." मशीनवाला पोट धरून हसला. साहेबालाही हसू आलं. मशीन रिकामं परत गेलं नाही, वरचा खड्डा खोल करून गेलं, म्हणजे आमचं महिनाभराचं काम त्याने अर्ध्या दिवसात केलं. आता दर उन्हाळ्यात तो गाळ काढायला येतो आणि आधी निरोप धाडतो.

मागच्या वैशाखात अंजनाबाईच्या धाकट्याचं लग्न झालं. पंगत कुठे बसली असेल? नाल्याच्या काठावर. भर वैशाखात! लोक मागून मागून जेवले, कोणी पदर नाकाला लावला नाही. डास अगदीच गेले असं मी म्हणणार नाही, पण मच्छरदाणी पुरते. या हिवाळ्यात डबक्यात चिला जगली, चिऊलला पांढरी फुलं आली. परवा सकाळी अंजनाबाईच्या नातवाने मरळीचं जोडपं पाहिलं, पिलांचा घोळका घेऊन फिरणारं. मोहल्ल्यातले म्हातारे बघायला गोळा झाले. कोणी जाळं काढलं नाही. पिलांवरची मरळ आपण धरत नाही, याची इतक्या वर्षांनीही कोणाला आठवण करून द्यावी लागली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

हे सगळं कशासाठी केलं, असं तिला पुष्कळांनी विचारलं. साहेबाला सांगते डासांसाठी, बायांना सांगते माशांसाठी, आणि मी विचारलं की म्हणते, "तुमी काऊन विचारून राह्यले? हात रिकामे राह्यले की मले झोप येत नाई." मीही जास्त खोदलं नाही.

पण एक गोष्ट मला खटकत होती. आपल्या मागच्या दारासमोर, सगळे वाफे संपून पाणी डबक्यात निवळतं तिथे, काठावर तिने थोडी जागा मोकळी ठेवली आहे. एक बाई उभी राहील एवढीच. खाली उतरायला एक सपाट दगड बसवला आहे. सर म्हणाले माती ढासळेल, झाडं लावून घ्या. अंजनाबाई म्हणाली, भांडी घासायला मला दे. दोघांनाही नाही म्हणाली. मागच्या महिन्यात मी शहाणपणा करून तिथे कर्दळीचे कंद लावले. दुसऱ्या दिवशी ते उपटून दुसरीकडे लावलेले. मला बोल लावला नाही, काही नाही.

परवा तिने माळ्यावरून पितळी घागर काढली. चिंच लावून घासली, उन्हात ठेवली आणि आत नेऊन पदराने पुसली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तू झालीस तेव्हा सव्वा महिन्याने ती हीच घागर घेऊन, हळदकुंकू घेऊन झरपटीवर बाळंतिणीचं पाणी पुजायला गेली होती. तुझ्या आजीने, आजीच्या सासूने तिथेच पुजलं. अंजनाबाईच्या थोरल्या सुनेने मात्र नळाला हळदकुंकू वाहिलं आणि प्लास्टिकची बादली भरली. त्या दिवशी तुझी आई त्यांच्याकडून न जेवता परत आली होती. आणि ओटभरणाला तुझ्या सासूबाईंनी माहेरी कधी नेणार विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "तिथी त्या वासात लेकराले घेऊन कशी राहू?" खरं तेच बोललीस, बेटा. तुझी आई तिथे ताट हातात घेऊन उभी होती. तीसुद्धा सगळ्यांदेखत बरोबर आहे म्हणाली. त्यानंतर वरोऱ्यापर्यंत काही बोलली नाही.

ती जागा तुझी आहे, पायल. तुझी आणि त्या घागरीची. ते पाणी प्यायचं नाही, सरांनी ताकीद दिली आहे, पण पुजायला आणि तुळशीला घालायला चालतं. तिने तुला ये म्हटलं नाही आणि ती म्हणणारही नाही, तेवढा ताठा तिच्यात आहे आणि तो तिला शोभतो. मला शपथ घातली ती विचारायचं नाही अशी. ती मी पाळली, या पत्रात एकदाही विचारलेलं नाही. ये म्हणायचं नाही, अशी शपथ तिने घातलेली नाही. म्हणून म्हणतो, ये.

छकुलीला पापा, सुरेंद्ररावांना नमस्कार.

तुझाच, कुंपणवाला
बाबा